मुलांच्या खावटीचा हिशोब: अर्जाआधी वहीत कसा मांडायचा

माझी धाकटी बहीण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आली, ती परत सासरी गेलीच नाही. सोबत दुसरीतला मुलगा. काही महिन्यांनी खावटीच्या, म्हणजे पोटगीच्या, अर्जावर अंतरिम सुनावणी लागली. साहेबांनी साधाच प्रश्न विचारला, "मुलाच्या शाळेची फी किती?" बहीण म्हणाली, "फी गंज शे साहेब." म्हणजे बरीच आहे. किती ते तिला सांगता आलं नाही. पावती घरी डब्यात होती, रिक्षावाल्याला दर महिन्याला किती जातात याची कुठे नोंद नव्हती. समोरच्या वकिलांनी मुलाच्या बापाला तुटपुंजा पगार आहे असं सांगितलं. मुलाला महिना अडीच हजार मंजूर झाले.

त्या दिवशी मला फार राग आला होता. पुढे मी स्वतः तालुक्याला विधी स्वयंसेविका म्हणून काम करू लागले, अशा पुष्कळ ताया आणि काही भाऊही समोर बसले, तेव्हा समजलं की आदेशात लिहिण्यासारखा एकही आकडा आम्ही न्यायालयाला दिला नव्हता. म्हणून हा लेख. कागदोपत्री शब्द 'पोटगी' किंवा 'निर्वाह भत्ता' आहे, आपल्याकडे खावटी म्हणतात. मी दोन्ही वापरणार आहे. नवरा-बायकोचं काय बिनसलं, चूक कोणाची, याबद्दल इथे काही नाही. फक्त मुलांच्या पैशाचा हिशोब आहे.

ठरलेलं सूत्र नाही

बापाच्या पगाराच्या अमुक टक्के रक्कम मुलाला मिळते, असा तक्ता काही देशांत आहे. भारतात तसा तक्ता नाही. "पंचवीस टक्के मिळतातच" असं बसस्टँडवर, लग्नात, कोर्टाच्या आवारात सगळीकडे ऐकू येतं. ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालातून आलं आहे. त्यात पत्नीच्या पोटगीसाठी निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य ठरेल असं म्हटलं होतं. तो पत्नीचा प्रश्न होता. मुलांसाठी तो आकडा जसाच्या तसा लागू होत नाही.

न्यायालय दोन बाजू पाहतं. मुलाला महिन्याला खरोखर किती लागतात आणि ते देण्याची आई-बापाची ऐपत किती. आई-बाप वेगळे होण्याआधी मुलगा ज्या राहणीमानात वाढत होता, ते शक्य तितकं टिकावं हेही पाहिलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी 'रजनीश विरुद्ध नेहा' या प्रकरणात सगळ्या देशासाठी याची पद्धत घालून दिली. हे प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलं होतं. मुलाच्या खर्चात अन्न, कपडे, निवारा, औषधपाणी आणि शिक्षण धरायचं. क्लासचा खर्चही धरायचा, पण तो वाजवी असावा. शिक्षणाचा खर्च साधारणपणे बापाने उचलायचा आणि आई पुरेसं कमावत असेल तर दोघांनी आपापल्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाटून घ्यायचा, असं त्यात सांगितलं आहे. आपल्या हिशोबाचा पाया हाच.

अर्ज कोणत्या कायद्याखाली, हे थोडक्यात

सगळ्यात जास्त वापरला जाणारा रस्ता म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं आहे. त्याआधी दाखल झालेले अर्ज जुन्या कलमाखालीच चालतात. हे कलम सगळ्या धर्मांना, सगळ्या जमातींना लागू आहे, आई-बापांचं लग्न झालेलं असो वा नसो. नंदुरबार आणि शिरपूर-साक्रीकडच्या वाचकांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा आपोआप लागू होत नाही. त्यामुळे "आपलं लग्न पंचांसमोर झालं, आपल्याला कोर्ट नाही" असं पाड्यावर सांगितलं जातं. कलम १४४ साठी ही अडचण येत नाही.

हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोटाचा दावा चालू असेल तर त्याच दाव्यात कलम २६ खाली मुलांचा खर्च मागता येतो. मारहाणीची, छळाची बाजू असेल तर २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याचं कलम २० आहे. एकापेक्षा जास्त ठिकाणी अर्ज करता येतो, पण आधीच्या आदेशाची माहिती लपवायची नाही. एका ठिकाणी मिळालेली रक्कम दुसऱ्या ठिकाणी वजा धरली जाते.

अर्ज आई राहते तिथेच करता येतो. नवरा सुरतला असला तरी तुम्हाला सुरतला जायची गरज नाही. तुमच्या भागासाठी कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे, नसेल तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिलांना आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातच समिती असते, आणि १५१०० हा फोन क्रमांक आहे.

पहिली पायरी: मुलाची वही

बहुतेक जण बापाच्या उत्पन्नापासून सुरुवात करतात. "त्याला साठ हजार मिळतात, मग वीस तरी द्यायला पाहिजेत." मी उलटं करायला सांगते. आधी मुलाचा खर्च. दोनशे पानी वही घ्या, आणि एका मुलाला एक वही. दोन मुलं असतील तर दोन वह्या, कारण न्यायालय प्रत्येक मुलाची रक्कम वेगळी लिहितं आणि एक मूल अठरा वर्षांचं झालं तरी दुसऱ्याची रक्कम चालू राहते.

वहीत तीन प्रकारचे खर्च असतात आणि ते वेगवेगळे लिहावे लागतात. पहिला महिन्याचा: दूध, भाजी, किराण्यातला मुलाचा वाटा, रिक्षा, क्लास. दुसरा वर्षाचा: फी, पुस्तकं, गणवेश, बूट, दप्तर, रेनकोट. हा खर्च बारांनी भागून महिन्यावर आणायचा. नेमकं इथेच आयांचं नुकसान होतं. जूनमध्ये एकदम आठ-दहा हजार जातात, आणि अर्ज लिहिताना ते आठवत नाहीत कारण तो महिना सरलेला असतो. तिसरा प्रकार घरातल्या सामाईक खर्चाचा: भाडं, वीज, गॅस. घरात तीन माणसं असतील तर एक तृतीयांश मुलाच्या नावावर. माहेरी राहत असाल आणि भाडं द्यावं लागत नसेल तर खोटं भाडं लिहू नका. पण वीज, गॅस आणि किराण्यासाठी तुम्ही आईच्या हातात जे पैसे ठेवता, ते लिहा.

माझ्या बहिणीच्या वहीचं दुसरं पान माझ्यासमोर आहे. मुलगा आता चौथीत आहे. शाळेची फी वर्षाला २४,००० म्हणजे महिना २,०००. रिक्षा महिना ९००, पण दहाच महिने, म्हणून ९,००० भागिले १२, महिना ७५०. पुस्तकं, गणवेश, बूट वर्षाला ६,६००, महिना ५५०. क्लास ६०० रुपये दहा महिने, महिन्यावर ५००. खाणं-पिणं ३,६००. दवाखाना सरासरी ५००. कपडे, दिवाळी, वाढदिवस मिळून ५००. भाड्याचा तिसरा हिस्सा १,५००. वीज, गॅस आणि मोबाइल रिचार्जचा वाटा ५००. बेरीज १०,४००. प्रत्येक ओळीच्या उजवीकडे एक छोटा आकडा आहे, तो सोबतच्या पिशवीतल्या पावतीचा क्रमांक. रिक्षावाल्या काकांकडे पावतीपुस्तक नव्हतं, तेव्हा तिने त्यांच्याकडून वहीच्याच पानावर दर महिन्याला सही घेतली. दवाखान्याची चिठ्ठी आणि औषधाचं बिल एकत्र टाचलं. बिलावर मुलाचं नाव घालून घेतलं, कारण नुसत्या 'रोख विक्री' बिलावर समोरचे वकील हमखास बोट ठेवतात.

किमान तीन महिन्यांची वही हवी. अर्ज मात्र त्यासाठी अडवून ठेवू नका. साधारणपणे रक्कम अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून मंजूर होते, त्यामुळे उशिराचा प्रत्येक महिना मुलाच्या खात्यातून जातो. अर्ज आधी, वही चालूच.

मुलाला दमा असेल, अपंगत्व असेल, थेरपी किंवा चष्मा-श्रवणयंत्र लागत असेल, तर त्याचं वेगळं पान करा आणि डॉक्टरांकडून पुढच्या वर्षभराच्या खर्चाचा अंदाज लिहून घ्या.

दुसरी पायरी: नोकरदाराचं उत्पन्न

भुसावळचा रेल्वे कर्मचारी, वरणगावच्या कारखान्यातला कामगार, शिक्षक, पोलीस, कोणीही असो, पगारचिठ्ठीवर दोन आकडे असतात. एक एकूण पगार, दुसरा हातात पडणारा. भांडण या दोन आकड्यांमधल्या अंतरावर होतं.

समजा एकूण पगार ५२,०००. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ४४,०००. त्याच्या दहा टक्के सक्तीची निवृत्तीवेतन वर्गणी ४,४००, व्यवसाय कर २००. पुढे सोसायटीच्या कर्जाचा हप्ता ९,००० आणि विम्याचे ३,०००. हातात ३५,४०० पडतात. बाप म्हणतो, माझा पगार ३५,४०० आहे.

न्यायालय साधारणपणे सक्तीच्या कपाती मान्य करतं: आयकर, व्यवसाय कर, सक्तीचा भविष्य निर्वाह निधी किंवा निवृत्तीवेतन वर्गणी. स्वतःहून घेतलेलं कर्ज आणि स्वतःहून काढलेला विमा ही बापाची स्वतःची निवड. तिचा बोजा मुलावर टाकता येत नाही. म्हणून ५२,००० वजा ४,४०० वजा २००, उरले ४७,४००. हिशोब या आकड्यावर मांडायचा. सोसायटीचं कर्ज कधी काढलं तेही बघा. अर्जाची नोटीस लागल्यावर पुढच्याच महिन्यात मोठं कर्ज निघालं असेल तर ती तारीख लेखी लक्षात आणून द्या. याउलट, कर्ज आजीच्या ऑपरेशनसाठी असेल किंवा तुम्ही दोघं राहत होता त्या घराचं असेल, तर न्यायालय त्याचा काही विचार करू शकतं. तिथे ताणू नका.

चिठ्ठी मिळत नसेल तर मालकाकडून पगारपत्रक मागवण्याचा अर्ज न्यायालयात करता येतो. फॉर्म १६ आणि बँकेचं खातं ही त्याच्या जोडीची कागदं.

शेतकऱ्याचं उत्पन्न: इथे सगळ्यात जास्त धुकं असतं

खानदेशातल्या निम्म्या गोष्टी इथेच अडतात. "शेतीत काही उरत नाही साहेब" हे वाक्य खरंही असू शकतं आणि खोटंही. ठरवायला कागदच लागतो.

२०२० च्या त्या निकालात शेतीवर जगणाऱ्यांसाठी प्रतिज्ञापत्राचा वेगळा नमुना दिला आहे, हे अनेक वकिलांच्याही लक्षात नसतं. त्यात एकूण जमीन, तिच्यातला हिस्सा, बागायत की कोरडवाहू, कोणती पिकं, बटाईने घेतलेली-दिलेली जमीन, गायी-म्हशी, शेळ्या, दुधाचा धंदा आणि मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न असं सगळं भरावं लागतं. समोरच्याने नोकरदाराचा नमुना भरून "उत्पन्न नाही" लिहिलं असेल, तर शेतीचा नमुना भरायला लावा, अशी मागणी करा.

सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. त्यावर मालकाचं नाव असतं, आणि पिकांच्या रकान्यात काय पेरलं तेही. एकदा असं झालं की बापाने "दीड एकर कोरडवाहू, ज्वारी" असं लिहून दिलं होतं. मुलाच्या मामाने सातबाऱ्याचा गाव नमुना बारा उघडला. त्यात ई-पीक पाहणीची नोंद होती: केळी, सिंचनाचं साधन विहीर. ती पाहणी बापाने स्वतःच्याच मोबाइलवरून केलेली होती. त्यानंतर वाद कोरडवाहूचा राहिला नाही, केळीच्या भावाचा राहिला.

जमीन आजोबांच्या नावावर असली तर आठ-अ (खातेउतारा) आणि फेरफार काढा. नाव आजोबांचं, पण कसतो कोण, केळी कापल्यावर व्यापाऱ्याची पट्टी (विक्रीची पावती) कोणाच्या नावावर फाटते, कापसाचे पैसे कोणाच्या खात्यात येतात, हे दाखवता आलं तर नावामागे लपता येत नाही. कापूस महामंडळाला विकला असेल तर पैसे थेट बँकेत येतात आणि नोंद राहते. खेडा खरेदीत (व्यापारी गावात येऊन घेतो तेव्हा) रोख मिळतं, तिथे काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, हाच पुरावा. केळीचा विमा विसरू नका. वादळाने बाग झोपल्यावर मिळालेली विम्याची रक्कम खात्यावर दिसते, आणि तीही उत्पन्नच.

आता गणित. शेतीचा पैसा दर महिन्याला येत नाही. केळीत मृगबागेचा (पावसाळी लागणीचा) एकदम येतो, कांदेबागेचा (पावसाळ्यानंतरच्या लागणीचा) वेगळ्या वेळी, पिलबागेचा (जुन्या खोडाच्या फुटव्यावरच्या बागेचा) खर्च कमी पण मालही कमी. म्हणून एका वर्षावर कधीच जायचं नाही. तीन वर्षांची सरासरी काढायची.

समजा दीड एकर केळी, पाच बाय पाच फुटांवर. एकरात ४३,५६० चौरस फूट, म्हणजे एकरी साधारण १,७४० खोडं, दीड एकरात २,६१०. काही मोडली, काही वाया गेली, २,३५० घड हाती आले असं धरा. घड सरासरी १८ किलोचा, माल झाला ४२३ क्विंटल. भाव क्विंटलला १,२०० मिळाला तर ५,०७,६००. रोपं, खत, ठिबक, मजुरी मिळून २,३०,००० खर्च धरला तर उरले २,७७,६००. त्याच बागेला भाव ७०० मिळाला असता तर उरले असते ६६,१००. बाग तीच, मेहनत तीच. सोबत तीन एकर कपाशीचे निव्वळ ६२,००० धरा. चांगल्या वर्षी एकूण ३,३९,६००, पडत्या भावाच्या वर्षी १,२८,१००, आणि तिसऱ्या वर्षी वादळ, विमा, उरलेला माल मिळून समजा २,१६,३००. तिघांची बेरीज ६,८४,०००, सरासरी वर्षाला २,२८,०००, महिन्याला १९,०००.

हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावाचा भाव, तुमच्या विहिरीचं पाणी वेगळं. रीत मात्र हीच. आणि बाजार समितीच्या जुन्या भावांची माहिती मिळते, ती त्या त्या महिन्याची काढून जोडा. चांगल्या वर्षाचाच आकडा दाखवणारी आई आणि वाईट वर्षाचाच दाखवणारा बाप, दोघांच्याही बोलण्याचं वजन न्यायालयात कमी होतं.

सुरतला गेलेला बाप

नंदुरबार, धुळे, अमळनेरकडून किती तरी माणसं उधना-लिंबायतला कापडाच्या कामावर आहेत. चिठ्ठी नाही, मालकाचं नाव माहीत नाही. अशा वेळी न्यायालय अंदाज बांधतं, आणि त्या कामाला सरकारने ठरवलेलं किमान वेतन हा बऱ्याचदा त्या अंदाजाचा आधार होतो. "मला काम नाही" एवढं म्हणून धडधाकट माणूस सुटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एकापेक्षा जास्त वेळा सांगितलं आहे. तुम्ही काय करायचं? तो कोणतं यंत्र चालवतो, किती तासांची पाळी, गावाकडे दरमहा किती पैसे पाठवतो, गाडीचा हप्ता किती, खोलीचं भाडं किती, ते लिहा. घरच्यांना फोन-पे केलेल्या रकमांचे फोटो असतील तर ठेवा. खर्चावरूनही उत्पन्न कळतं.

तिसरी पायरी: आईचं उत्पन्न, खरं

शिवणकाम, पापडाचं काम, अंगणवाडी, खासगी शाळा, शेतमजुरी, जे असेल ते लिहा. एका ताईंनी मशीनच्या कामाचे महिना सात-आठ हजार लपवले होते. समोरच्यांनी त्यांच्याच ब्लाउजच्या व्हॉट्सॲप स्टेटसचे फोटो हजर केले. सात-आठ हजारांनी त्यांचं काही बिघडलं नसतं, मुलाचा हक्क आईच्या कमाईने संपत नाही. लपवल्यामुळे मात्र त्यांच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही शंका आली. प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिणं हा गुन्हा आहे, दोघांसाठीही.

चौथी पायरी: आकडा जमवणं

आता वर काढलेले आकडे एकत्र आणू. मुलाचा खर्च १०,४००. बापाचं उत्पन्न ४७,४००. आईचं समजा १२,०००. दोघांचं मिळून ५९,४००. त्यात बापाचा वाटा ४७,४०० भागिले ५९,४००, म्हणजे जवळजवळ ८० टक्के. १०,४०० चे ८० टक्के ८,३२०. आईचा वाटा २,०८०, आणि ती मुलाला सांभाळते, रात्री जागते, शाळेत पोचवते, तिचे पैसे रोजच्या घरखर्चातून जातातच.

मग उलट बाजूने पडताळून बघा. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ साली एक पद्धत वापरली होती: कमावत्याला दोन हिस्से, बाकी प्रत्येकाला एक. आपल्याकडे ती बंधनकारक नाही, पण अंदाजाला चांगली आहे. ४७,४०० चे चार हिस्से केले तर मुलाचा एक हिस्सा ११,८५०. आपली मागणी ८,३२० त्याच्या आत आहे, म्हणजे बापाच्या ऐपतीबाहेर नाही.

शेतकरी बापाचं बघू. १९,००० आणि आईचे मजुरीचे ६,०००, एकूण २५,०००. बापाचा वाटा ७६ टक्के. मुलाचा खर्च १०,४०० असेल तर त्याच्या वाट्याला ७,९०४ येतात. पण १९,००० चा चौथा हिस्सा ४,७५० च होतो. इथे खर्चाचा आकडा ऐपतीच्या पुढे गेला. असं झालं की आदेश साधारण या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी येण्याची तयारी ठेवावी, आणि वहीतला कोणता खर्च आधी सोडता येईल ते स्वतःच ठरवून जावं. मी शाळेची फी आणि दवाखाना शेवटपर्यंत धरून ठेवायला सांगते. शेतीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सुचवते: मासिक रक्कम थोडी कमी ठेवून जूनमध्ये फी बापाने थेट शाळेत भरावी, अशी मागणी. ती मान्य होणं न होणं न्यायालयाच्या हातात, पण तडजोडीत ती पुष्कळदा दोघांनाही पटते.

बापाने दुसरं लग्न केलं असेल, तिकडे मूल असेल, तर त्या मुलाचाही एक हिस्सा धरला जाऊ शकतो. पहिल्या मुलाचा हिस्सा त्याने पुसला जात नाही.

मूल बापाकडे असेल तर हाच हिशोब उलटा मांडा. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० ने मुलांना सांभाळण्याची जबाबदारी आई आणि बाप दोघांवर टाकली आहे.

प्रतिज्ञापत्र आणि तारखा

संपत्ती आणि देणी जाहीर करणारं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडायचं. समोरच्याने नोटीस मिळाल्यावर जास्तीत जास्त चार आठवड्यांत उत्तरासह आपलं भरायचं असतं. तो मुद्दाम टाळाटाळ करत राहिला तर त्याचा बचाव काढून टाकण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून प्रत्येक तारखेला अंतरिम अर्जाची आठवण वकिलांना करून द्या.

तुमच्या प्रतिज्ञापत्रातला प्रत्येक आकडा वहीतल्या पानाशी जुळला पाहिजे. आदल्या रात्री कोणाला तरी शेजारी बसवून वाचून घ्या. बहिणीच्या दुसऱ्या अर्जाच्या वेळी मी वही घेऊन बसले होते आणि ती प्रतिज्ञापत्र वाचत होती. रिक्षाच्या ओळीत ७५० ऐवजी ९०० पडले होते. दीडशे रुपयांची चूक, पण उलटतपासणीत त्या चुकीने पुरी बेरीज डळमळली असती.

बापांसाठी

दिलेला पैसा दिसला पाहिजे. बसस्टँडवर मुलाच्या मामाच्या हातात ठेवलेले पाच हजार प्रेमापोटी दिलेले असले, तरी न्यायालयात मोजता येत नाहीत. बँकेतून द्या, नोंदीत 'मुलाची पोटगी, अमुक महिना' लिहा. आदेशाबाहेर सायकल घेऊन दिली ती भेट. ती पोटगीतून परस्पर वळती करू नका. आणि मुलाला भेटू देत नाहीत म्हणून पैसे थांबवू नका. भेटीसाठी वेगळा अर्ज आहे, तो करा. पैसे बंद केलेत तर त्या अर्जातही तुमचीच बाजू पडते.

नोकरी गेली, बाग बसली, आजारपण आलं, तर थकबाकी साचू न देता लगेच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली रक्कम बदलून मागा. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी ते छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ.

पैसे थकले तर, आणि खर्च वाढला तर

थकलेल्या रकमेसाठी त्याच संहितेच्या कलम १४४(३) आणि १४७ खाली वसुली अर्ज करायचा. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत हा अर्ज केला तरच वॉरंट निघतं. "देईल, देईल" म्हणत दीड वर्ष थांबलेल्या ताया मी पाहिल्या आहेत, त्यांचे सहा महिने या रस्त्याने हातचे गेले. मी तर दर चार महिन्यांनी अर्ज करायला सांगते. माणूस जिथे असेल तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडून वसुली करता येते, सुरतलाही. न भरलेल्या रकमेसाठी तुरुंगवास होऊ शकतो, आणि तुरुंगात बसून आला तरी थकबाकी माफ होत नाही. पगारदार असेल तर पगारातून परस्पर कपात मागा. निर्वाहाच्या हुकूमनाम्यात पगाराचा एक तृतीयांश भागच जप्तीतून सुटतो.

आपसात मिटवत असाल तर संमतीपत्रात तीन ओळी नक्की घाला: दरवर्षी किती टक्के वाढ, मोठ्या आजारपणाचा खर्च कोणी किती उचलायचा, आणि दहावी-बारावीनंतरच्या शिक्षणाचं काय. ही तिसरी ओळ फार महत्त्वाची, कारण कलम १४४ खाली मुलाची पोटगी अठराव्या वर्षी थांबते, अपंगत्व असेल तर गोष्ट वेगळी. मुलगा अठराचा होतो तेव्हा तो बारावीत किंवा नुकता कॉलेजात असतो, खरा खर्च तिथून सुरू होतो. अविवाहित आणि स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या मुलीला हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २०(३) खाली पुढेही मागता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. "एकरकमी दोन लाख घे आणि मुलाचं काही मागू नको" असं पंचांसमोर लिहून दिलेलं असलं, तरी मुलाचा हक्क आईला सोडता येत नाही.

शाळा बदलली, फी वाढली, क्लास लागला, की कलम १४६ खाली वाढ मागता येते. बहिणीने चौथीच्या वर्षी मागितली. या वेळी साहेबांनी फी विचारली तेव्हा तिने वहीचं दुसरं पान उघडून पुढे केलं आणि म्हणाली, "वर्षाले चोवीस हजार, पावती नंबर तीन." मुलाची रक्कम अडीच हजारांवरून साडेसात हजार झाली.